पाणथळाचा आकडा

ऑफिसात तिला सगळे तागडी म्हणत. ती काटकुळी होती म्हणून हे नाव पडलं की तिचं कामच तोलण्याचं होतं म्हणून, ते नाव ठेवणाऱ्यालाही आता आठवलं नसतं. तो केव्हाच नोकरी सोडून गेला, नाव मात्र मागे राहिलं.

ती नेमकं काय करते हे चारचौघांत सांगायची वेळ आली की तिची पंचाईत होई. त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ बनत होता. चार राजे चार कोपऱ्यांत बसतात आणि मध्ये जंगल, माळ, पाणथळ अशी कोरी जमीन पसरलेली असते. मग जो तो झाडं तोडतो, नांगर धरतो, खाणी खणतो, शहरं उठवतो, आणि आपली जमीन संपली की शेजाऱ्याची ओरबाडतो. दोनशे खेळ्या झाल्या की डाव संपतो आणि सगळ्यात मोठा तो जिंकतो. यात कशाला किती गुण द्यायचे आणि कशाचे किती कापायचे, म्हणजे एकच युक्ती बाकी सगळ्यांना खाऊन टाकणार नाही, हे तागडीने ठरवायचं. चित्रकाराचं चित्र लोकांना दिसतं, गाणाऱ्याचं गाणं ऐकू येतं. तोलणाऱ्याचं काम चांगलं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि बिघडलं तर मात्र सगळ्यांना तिचं नाव बरोबर आठवतं.

तिचे बाकीचे आकडे हळूहळू जागच्या जागी बसले होते. वर्ष होत आलं तरी एकच बसत नव्हता, मोकळ्या जमिनीचा. जो राजा आपली जमीन हात न लावता तशीच ठेवील त्याला दर खेळीला काही बोनस मिळावा, ही कल्पना खुद्द मालकाची. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नुसतं तोडा आणि बांधा असला खेळ तर कोणीही करतं, आपला वेगळा! मान डोलवायला काय जातं? बोनस कमी ठेवला की मोकळ्या जमिनीकडे कोणी ढुंकून बघत नसे. तो जरा चढवला की चारही राजे हाताची घडी घालून बसत, कोणी वीटही रचत नसे आणि खेळ मरून जाई. त्या दोन आकड्यांच्या मधला आकडा शोधायचा होता, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

दुसऱ्या एखाद्या नोकरीत तिने हात टेकले असते. इथे तिला टेकता येत नव्हते, कारण घरी आई होती.

आई शिवणकाम करायची. चाळीस वर्षं मशीन चालवलं, लोकांचे कपडे बेतले, आणि दीड वर्षापूर्वी एका सकाळी उजवं अंग गेलं ते गेलंच. बोलणं परत आलं, जरा जड जिभेचं, पण उजवा हात मांडीवर कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. डाव्या हाताला काम द्या, नाहीतर तोही आळसावेल, असं डॉक्टर म्हणाले. चेंडू दिला, तो आईने खिडकीतून फेकला. मणी दिले, तर म्हणाली, "मी काय बाळ आहे?" दिवसदिवस ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. जेवण समोर ठेवलं की दोन घास खाई आणि "झालं" म्हणे. शेवटी तागडीने आपल्या खेळाची चाचणीची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि आईच्या डाव्या हाताखाली माऊस सरकवला. म्हटलं, बघू, निदान बोटं तरी हलतील.

बोटं हलली. आईला राज्य वाढवण्यात काडीचा रस नव्हता. तिला नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातलं पाणथळ सापडलं. चित्रकाराने तिथे उथळ पाणी, लव्हाळी आणि एक पाय उचलून उभे राहणारे बगळे काढले होते. आई तिथे आपली गादी मांडायची, काठाकाठाने पहारेकरी उभे करायची आणि मग नुसती बघत बसायची. तासाभराने एखादा बगळा उडे तेव्हा ती माऊसने चित्र सरकवत त्याच्या मागे जाई. पक्ष्यांचं तिला आधी कधी वेड होतं असं नाही. का आवडलं, हे तिला विचारलं तर ती म्हणे, "आवडायला कारण लागतं का?" पण जेवण आता पुरं जाऊ लागलं, आणि तागडी संध्याकाळी घरी आली की आईकडे सांगायला काहीतरी असे.

सांगणं नेहमी एकच असे. पहारेकऱ्यांना पोसायला गुण लागतात. मोकळ्या जमिनीचा बोनस तुटपुंजा, त्यामुळे आईचे पहारेकरी मूठभर. डाव निम्म्यावर आला की शेजारचा राजा यायचा, पहारेकरी कापायचा, पाणी उपसायचा आणि तिथे विटांची भट्टी घालायचा.

"आज पण भट्टी?" तागडी चपला काढता काढता विचारायची.

"आज पण. मेल्याला दुसरीकडे जागा नाही का गं?"

"आई, ते आपल्याच ऑफिसातलं गणित आहे. त्याला शिव्या म्हणजे मला शिव्या."

"मग तुला. एकदा, फक्त एकदा ते पाणथळ शेवटपर्यंत राहू दे. मग तुमचा तो खेळ चुलीत गेला तरी चालेल."

तागडीला आता हवं होतं ते एवढंच. मोकळ्या जमिनीचा बोनस इतका असावा की त्या पाणथळाने स्वतःचे पहारेकरी स्वतः पोसावेत. खेळ विकला जावो न जावो, बक्षिसं मिळोत न मिळोत, आईचा एक डाव तेवढा शेवटाला पोचावा.

सोमवारी मालकाने तिला आपल्या खोलीत बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याचा राग तरी करता आला असता. त्याने स्वतः उठून तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मोकळ्या जमिनीचं काय ते या शुक्रवारी संपवू. बसली तर बसली, नाहीतर काढून टाकू. किती दिवस एका आकड्यापायी सगळी गाडी अडवायची?"

"बसेल," तागडी म्हणाली.

"गेल्या महिन्यातही बसणारच होती."

त्या संध्याकाळी आईला भरवताना तिने हे सांगितलं. आई जरा वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही रोजच्या रोज काहीतरी देता, तिथेच चुकतं. आम्ही कापड बेतताना शिवणीच्या आत माया सोडतो. ती दिसत नाही, रोज कामाला येत नाही. पण पोर वाढलं की उसवायचं आणि मोठं करायचं. मोकळी जमीन म्हणजे राज्याची माया. जुनी झाली की जास्त मोलाची, असं करून बघ."

तागडीचा घास हातातच राहिला. इतक्या दिवसांत हे तिला सुचलं नव्हतं. जमीन जितकी जास्त काळ राखली तितकं तिचं मोल वाढत जाईल, आणि वापरायला काढली की ते एकदम हाती येईल! दुसऱ्या दिवशी तिने तसं करून कॉम्प्युटरचे गडी एकमेकांशी खेळायला सोडले. गडी म्हणजे माणसाच्या जागी खेळणारे प्रोग्रॅम. त्यांना दया नाही, माया नाही, जिंकणं तेवढं कळतं, आणि एका दिवसात ते हजारो डाव उरकतात. दुपारपर्यंत चारही राज्यांत जंगलं उभी होती. तागडीने चित्रकाराला हाक मारून दाखवलं. तोही खुर्ची ओढून बसला. दोघं लहान पोरांसारखी बघत होती.

शेवटच्या दहा खेळ्या आल्या आणि चारही गड्यांनी एकदम कुऱ्हाडी काढल्या. झाडून सगळं जंगल तोडलं, सगळी पाणथळं उपसली, जुन्या जमिनीचं चढलेलं मोल एकरकमी पदरात पाडलं आणि उजाड नकाशावर डाव संपवला. एका डावात नाही, सगळ्या डावांत.

"अरे, हे तर आपल्यापेक्षा हुशार निघाले," चित्रकार म्हणाला.

तोडलं तर साठलेलं सगळं मोल बुडेल, असा नियम तिने घातला. मग गड्यांनी जमीन राखायलाच घेतली नाही. जे कधी हातात यायचं नाही त्यासाठी कोण ताटकळत बसेल? रोजचा बोनस आणि जुनेपणाचं मोल मिसळून पाहिलं, तर आगीतून फुफाट्यात. गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली आणि म्हणाली, "आई, तुझी माया सगळ्यांनी विकून खाल्ली."

आई अर्ध्या तोंडाने हसली. तिचं हसणं आता तेवढंच उरलं होतं. "गिऱ्हाइकंही खातात गं," ती म्हणाली. "माया कशाला सोडता, त्यात एक बाही निघाली असती, असं तोंडावर म्हणणारी होतीच की."

शुक्रवारी मालकाच्या खोलीत भिंतीवर आकडे लावलेले होते. चाचणीला खेळणाऱ्या माणसांत मोकळी जमीन राखून खेळणारा एकही नव्हता. "गड्यांचं सोड," मालक म्हणाला, "माणसंसुद्धा हे खेळत नाहीत. ज्याला गिऱ्हाईक नाही ते आपण कोणासाठी तोलतोय?"

"एक जण खेळतो," तागडी म्हणाली.

"कोण?"

"माझी आई."

कोणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही, पण हसलं. मालकाने मात्र नीट विचारलं, "मग इथे दिसत का नाहीत त्या? घरची प्रत पण आपल्याकडेच नोंद पाठवते ना?"

हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. ती आपल्या जागेवर गेली आणि शोधू लागली, आणि सापडायला फार वेळ लागला नाही, कारण ते तिनेच लिहिलेलं होतं. चाचणीला लोक खेळ चालू ठेवून उठून जातात. कोणाचा फोन वाजतो, कोणी चहा ठेवायला जातो, आणि खेळ्या घड्याळावर आपोआप पुढे सरकत राहतात. असले अर्धवट डाव मोजले तर सगळं गणित नासतं. म्हणून अगदी सुरुवातीला तिने एक चाळणी लावली होती. सलग दहा खेळ्या ज्याने एकही हुकूम दिला नाही त्याच्या डावावर 'खेळाडू निघून गेला' असा शिक्का मारायचा आणि तो डाव गाळून टाकायचा. चित्र सरकवून बगळा बघणं म्हणजे हुकूम नव्हे. आईचा प्रत्येक डाव, पहिल्यापासून कालच्यापर्यंत, निघून गेलेल्यांत पडला होता.

आई एकटी नव्हती. त्या गाळात शेकडो डाव होते. कोणी जंगलाकडेने चौक्या मांडून थांबलेला, कोणी एका टेकडीपाशी. तागडीचा ऊर भरून आला. इतकी माणसं! मग तिने एकेक डाव उघडून पाहायला घेतला आणि तिचा हात मंदावत गेला. यातलं कोण बघत बसलं होतं आणि कोण चहा ठेवायला गेलं होतं? दोघांची नोंद तंतोतंत सारखी. आईचं खरं तिला माहीत होतं ते आईच्या घरात राहत होती म्हणून. बाकीच्यांच्या घरी जाऊन कोण बघणार? आणि जे नोंदलंच नाही ते मागे जाऊन कुठून आणायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! हुकमांशिवाय दुसरं काही नोंदवायची गरज नाही, असंही वर्षभरापूर्वी तिनेच ठरवलं होतं. माणूस समोर बसलेला असू शकतो, काही न करता, आणि तेच त्याचं खेळणं असू शकतं, हे त्या वेळी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने हे सगळं मालकाला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"समज, ते सगळे बघतच बसले होते," तो म्हणाला. "जो नुसता बघत बसतो त्याला मी पुढे काय विकू? त्याचं तर आहे त्यातच भागलंय." आणि तिचा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाला, "आईंना माझा नमस्कार सांग. पण हे काढू या."

काढण्याचं कामही तागडीकडेच आलं. नुसतं काढून भागलं नाही. खेळाडू रेंगाळू नयेत म्हणून रिकामी जमीन पडीक धरायची आणि दर खेळीला तिचे गुण कापायचे, असं ठरलं. सोमवारी ही नवी आवृत्ती सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप चढणार होती, आईच्यासुद्धा.

जिन्यात चित्रकार भेटला. एक पाय उचलणारा बगळा जमवायला त्याला अख्खा उन्हाळा लागला होता. तो म्हणाला, "आईंची प्रत वेगळी कर ना. जुनीच ठेव, आणि शेजारचे तिन्ही राजे झोपवून टाक. पाणथळ राहिल्याशी कारण. त्यांना काय कळणारे?"

तिलाही तेच हवं होतं. वर्षभर जो आकडा सापडला नाही त्याची आता गरजच उरली नाही. शनिवारी दुपारी तिने घरच्या प्रतीत तिन्ही शेजाऱ्यांचे पाय बांधले, ऑफिसशी नोंदीपुरता धागा ठेवला आणि बाकी सगळं तोडलं. काम इतक्या लवकर झालं की तिला लाज वाटली. पण म्हटलं, एकदा तरी.

रविवारी सकाळी आईचा डाव सुरू झाला. पाणथळ, काठाने पहारेकरी, बगळे. तागडी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. डाव निम्म्यावर आला. आईची पाठ ताठ झाली, माऊस काठाकाठाने फिरू लागला. कोणी आलं नाही. आणखी खेळ्या गेल्या. दुपारी दोनशेवी खेळी झाली, पडद्यावर डाव संपल्याची पाटी आली आणि तिच्यामागे पाणी चमकत राहिलं, अख्खं.

"राहिलं गं!" आई ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तागडीच्याही आलं, आणि तिचं खोटं नव्हतं. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

"परत लाव," जेवण झाल्यावर ती म्हणाली.

दुसऱ्या डावात आईने पहारेकरी मांडले खरे, पण मग ती पाण्याकडे बघेना. माऊस सरकवत सरकवत ती नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेली, शेजारच्या राज्यात. तिथे एक गाव, एक विहीर, आणि चौकात सैन्य उभं. दहा खेळ्या झाल्या, वीस झाल्या. सैन्य तिथेच.

"हे का येत नाहीत?"

"कमजोर केलेत जरा," तागडी घडीवर घडी ठेवत म्हणाली.

"कमजोर माणूस येऊन हरतो. हे येतच नाहीत."

आईने माऊस सोडला. डाव्या हाताने तिने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, जसा ती पूर्वी कात्री नीट ठेवायची.

"म्हणजे मघाचंही तसंच," ती म्हणाली.

"आई, ऑफिसात ते सगळं काढून टाकलं. दुसरा मार्ग नव्हता. तुला एकदा तरी बघायला मिळावं म्हणून..."

"भातुकली मांडून दिलीस होय मला!" आवाजात राग नव्हता. राग असता तर तागडीने पाय धरले असते, भांडली असती, काहीतरी केलं असतं. आई जरा वेळ त्या उभ्या सैन्याकडे बघत राहिली. "रोज हरत होते गं, पण कोणाशी तरी हरत होते. आता हे पहारेकरी मी कशाला उभे करू?" मग लेकीचा चेहरा तिच्या लक्षात आला असावा. ती म्हणाली, "असू दे. तू चांगल्यासाठीच केलंस. छान दिसतं ते पाणी."

सोमवारी तागडीने ऑफिसला निघताना विचारलं, "लावू का? तू खेळलीस की मला ऑफिसात दिसतं." आई म्हणाली, "लाव की." मंगळवारीही म्हणाली. जेवण मात्र पुन्हा दोन घासांवर आलं होतं. शेजारच्या काकू दुपारी डोकावून जात. त्या म्हणाल्या, "आहेत बसलेल्या खेळापुढे. शांत आहेत."

त्या आठवड्यात ऑफिसात नव्या आवृत्तीचं कौतुक चाललं होतं. पडीक जमिनीचे गुण कापू लागल्यापासून लोक चपळ खेळू लागले होते, डाव रंगत होते. मालकाने तागडीच्या पाठीवर थाप मारली. ती सगळ्यांबरोबर हसली आणि जागेवर येऊन गाळातल्या नोंदी उघडून बसली. घरून आलेल्या डावांवर नेहमीचाच शिक्का होता. खेळाडू निघून गेला. खेळाडू निघून गेला. तिला बरं वाटलं. म्हणजे आई पूर्वीसारखीच बगळे बघत बसली आहे, असं तिने धरलं. चाळणी खोटं बोलते हे आता तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मग एका नोंदीवर तिची नजर अडली. पूर्वी आई निदान सुरुवातीला पहारेकरी मांडायची, तेवढे हुकूम तरी असायचे. या डावात पहिल्या खेळीपासून एकही नव्हता. कालच्यातही नाही, परवाच्यातही नाही.

ती डोकं दुखतंय सांगून निघाली आणि भर दुपारी घरी पोचली. दार हळूच उघडलं. पडद्यावर पाणी चमकत होतं, एक बगळा पाय उचलून उभा होता, खेळ्या घड्याळावर आपोआप सरकत होत्या. आईची चाकांची खुर्ची मात्र पडद्याकडे पाठ करून होती. एका हाताने ती खुर्ची पुढे जात नाही, नुसती जागच्या जागी वळते, आणि तेवढी तरी वळायला किती जोर लावावा लागतो हे तागडीला माहीत होतं. आईने तेवढा जोर लावला होता. ती भिंतीकडे बघत होती.

"आई? खेळत नाहीस?"

"आलीस का लवकर?" आईने मान जरा वळवली. "नाही गं. तुला ऑफिसात दिसतं ना मी खेळतेय ते, म्हणून चालू ठेवते."

तागडी तिथेच, दाराशी, पायातल्या चपलांसकट उभी राहिली. चाळणीने या वेळी खरं सांगितलं होतं.

"बंद करू?" तिने विचारलं.

"तुला चालत असेल तर कर," आई म्हणाली.